आबा, आज बाजाराला गेले होते

आबा,

तुमच्या शोकसभेत लोक फार चांगलं बोलले. तुमची फॅक्टरीतली नोकरी, विहाराचं बांधकाम चालू होतं तेव्हा रोज संध्याकाळी विटांवर पाणी मारायला जाणं, कुणाच्या पोराला शाळेत घालणं, कुणाची भावकीतली भांडणं मिटवणं. सगळं खरं होतं. मी आईंच्या शेजारी सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला सारखं वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. बाजाराचं कुणी काही बोललंच नाही. बोलणार तरी कोण? ते मलाच माहीत. पण भरल्या सभेत सुनेनं उठून काय सांगायचं, की मला माझ्या सासऱ्यांबरोबर बाजारात जायला फार आवडायचं? लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि कुणाला काही कळलं नसतं.

म्हणून तुमच्याशीच बोलते.

पाऊस गेलाय, आबा. सकाळी अंगणात पाय ठेवला की माती कोरडी लागते. शाळेच्या रस्त्यावर कपाशीला कुठं कुठं पहिलं बोंड उकललंय. गल्लीतल्या पोरींनी गुलाबाई मांडली आहे, संध्याकाळी त्यांची गाणी सुरू होतात आणि आई दारात खुर्ची टाकून ऐकत बसतात. तुम्ही असतात तर आतापर्यंत दोनदा म्हणाला असतात, "बाजार आता उघडला." पावसाळाभर बाजार भरायचा, पण तो तुमच्या हिशेबी बाजारच नव्हता. चिखल, गुडघ्यापर्यंत शिंतोडे, भिजलेली पोती, सडका पाला. आश्विन लागला, की तुमचा बाजार सुरू व्हायचा.

मी धुळ्याची, देवपूरची. पांझरेच्या काठाशी वाढले, तिथंच डी.एड. झाले. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलायचे. तुमच्या वरणगावची बोली वेगळी, आणि लग्न होऊन आले तेव्हा मी तोंड उघडलं की शेजारच्या बाया पदरात हसायच्या. त्यामुळं मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. पुढं इथंच शाळेत नोकरी लागली, तेव्हा तुम्ही मला शाळेतल्या पोरांसारखं "बाई" म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेनं. मग तेच नाव पडलं. सुनंदा अशी हाक तुम्ही मला फार कमी वेळा मारलीत.

तुमच्या लेकाला, विजयना, बाजाराचा कंटाळा. गर्दीत डोकं दुखतं म्हणायचे. बाजार तुमचा होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांना मनगटापर्यंत बटणं लावून, सायकलच्या दोन्ही मुठींना पिशव्या अडकवून तुम्ही निघायचात आणि अंधार पडता पडता पायी यायचात, कारण सायकलवर बसायला जागाच उरलेली नसायची. मी घरात बसून पिशव्या रिकाम्या करायची, एवढाच माझा बाजाराशी संबंध.

मग त्या पावसाळ्यात विजयना कावीळ झाली. गावातलं औषध झालं, भुसावळ झालं, जळगाव झालं. विजय गेले तेव्हा लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवसांचं मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही माझ्या बरोबरच होतात.

देवपूरहून दादा आला. "चाल, घर चाल," म्हणाला. त्यानं बसस्टँडवर रिक्षासुद्धा सांगून ठेवली होती. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "तिला विचार." मी म्हणाले, शाळा आहे. त्या वेळी मला दुसरं कारण सुचलं नाही, आणि खरंच दुसरं काही कारण होतं का तेही मला माहीत नव्हतं. दादा गेला. मी शाळेत जात राहिले. शाळेतून घरी, घरून शाळेत. तुम्ही बघत होतात, पण काही बोलत नव्हतात. आई बोलायच्या, जेव म्हणायच्या, झोप म्हणायच्या. तुम्ही नुसते ओट्यावर बसून असायचात. वर्ष गेलं.

आणि एक दिवस असंच आभाळ मोकळं झालेलं असताना मी शाळेतून आले, पाय धुतले, तर तुम्ही दारात उभे.

"बाई, चला. बाजार आहे."

मी तुमच्याकडं बघतच राहिले. आतून आई बाहेर आल्या. "बाजारात काबरं नेता तिले? लोक काय म्हनतीन?"

तुम्ही सायकलचा स्टँड काढत म्हणालात, "लोक बाजारात भाजी घ्यायला येतात. म्हणायचं असलं तर ते घरी बसूनही म्हणतात."

आई आणखी काही म्हणेपर्यंत आपण कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो. तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात आणि मी मागं मागं. तुम्ही थांबलात. मी पुढं आले. मग निघालात. पुन्हा मी मागं राहिले, पुन्हा तुम्ही थांबलात. बाजार येईपर्यंत मी तुमच्या बरोबरीनं चालायला लागले होते. तेव्हापासून आपण बाजारात नेहमी तसेच गेलो, बरोबरीनं, मधे सायकल.

त्या दिवशीचा बाजार मला अजून जसाच्या तसा दिसतो. कित्येक महिन्यांनी बाजारात धूळ उडत होती आणि उतरत्या उन्हात ती सगळ्यांच्या डोक्यावर सोनेरी होऊन तरंगत होती. ओल्या मातीसकट उपटून आणलेल्या शेंगांचे ढीग. केळीच्या पानांवर मांडलेली कोवळी मेथी. सातपुड्याकडून आलेल्या बाया, त्यांच्या टोपल्यांत पाल्याखाली झाकलेली सीताफळं. तुम्ही नव्या मुगाच्या पोत्याशी थांबलात आणि म्हणालात, "हात घाला आत." मी इकडंतिकडं बघितलं. "घाला हो, कुणी काही म्हणत नाही." मी कोपरापर्यंत हात घातला. मूग आत गार होता. पाण्यासारखा गार. मला एकदम रडायला आलं, पण ते वेगळं रडणं होतं, आणि तुम्ही तोपर्यंत पुढच्या माणसाशी हरभऱ्याच्या बियाण्याचं बोलायला लागला होतात.

तुमचा नियम मला त्या दिवशी कळला. पहिली फेरी नुसती बघायची. खिशात हात घालायचा नाही. कुणी हाक मारली तर "येतो येतो" म्हणायचं आणि पुढं जायचं. सगळा बाजार डोळ्यांखालून गेला, की मग दुसऱ्या फेरीत घ्यायचं. मला वाटलं, हा काटकसरीचा प्रकार असेल. तसं नव्हतं. तुम्हाला नुसतं बघायलाच आवडायचं, घेणं ही निमित्तापुरती गोष्ट होती. दोडका कुणाचा सरळ आलाय, लिंबाला साल कुणाच्या पातळ आहे, मिरची यंदा कुठल्या गावची तिखट. घरी काहीही घ्यायचं नसताना तुम्ही दोर विकणाऱ्यापाशीही थांबायचात.

त्याच दिवशी सिंधूबाई भेटली. पलीकडच्या गावची, स्वतःच्या शेतातली भरताची वांगी घेऊन बसलेली. हिरवी, पांढुरक्या रेघांची, लांबट. हंगामाची पहिलीच तोडणी. तुम्ही मला म्हणालात, "विचारा तुम्ही." मी कुणाशी आपणहून बोलून किती दिवस झाले होते! पुस्तकातलं बोलणं त्या घटकेला कुठं गेलं कोण जाणे. तोंडातून निघाली ती घरची अहिराणीच, 'आहे'ला 'शे' म्हणणारी.

"मावशी, काय भाव शे? माल बठ्ठा ताजा शे ना?"

सिंधूबाई खदखदून हसली. पोट धरून हसली. "आबा, ही कुठची हो? शे शे करते!"

"धुळ्याची," तुम्ही म्हणालात.

"मंग तिले सांगा, अथी आमच्याकडं शे लागत नाही, नुसतं मीठ लागते वांग्याले."

मला राग आला. रागानं मी वांगं उचललं, ते हातातून निसटून तिच्याच मांडीत पडलं, आणि ती पुन्हा हसली आणि मग मीही हसले. जोरात. आपलं हसणं आपल्याच कानाला ओळखू येईना. मी चटकन तोंडावर हात ठेवला आणि तुमच्याकडं बघितलं, की आता आबांना काय वाटेल. विजय जाऊन जेमतेम वर्ष. तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हतात. तुम्ही वांग्यांचा भाव करत होतात, आणि इतक्या मन लावून करत होतात, की मला कळलं, तुम्ही ऐकलंय.

त्यानंतर प्रत्येक बाजारवारी आपण गेलो. लोक बोलले असतील. माझ्यापर्यंत आलं नाही, तुम्ही येऊ दिलं नसेल.

किती काय काय आठवतं, आबा. आपण दोघं मिळून आईंना फसवायचो. डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलं होतं आणि तुम्ही बाजारातल्या जिलबीच्या कढईपाशी जाऊन उभे राहायचात. घ्यायचं नाही, नुसतं बघायचं, म्हणायचात. मी एक जिलबी घ्यायची, अर्धी तुमच्या हातावर ठेवायची. घरी गेल्यावर आई तुमच्याकडं रोखून बघायच्या आणि तुम्ही मला म्हणायचात, "बाई, यांना सांगा मी काही खाल्लं का." माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही हे ठाऊक असून विचारायचात. मी म्हणायची, "आबांनी काही विकत घेतलं नाही." ते खरंच होतं.

आणि भरताचं भांडण. ते तर आपलं मिटायचं राहूनच गेलं. तुमचं म्हणणं, वांगं भाजायचं ते कपाशीच्या काड्यांवर, दुसऱ्या कशावर नाही. घरात गॅस आल्यावर मी एकदा गॅसवर भाजलं तर तुम्ही पहिला घास घेऊन गंभीरपणे म्हणालात, "हे भाजलेलं नाही, नुसतं काळं केलेलं आहे." मी म्हणाले, चवीत काडीचा फरक नाही. तुम्ही म्हणालात, काडीचाच फरक आहे. आई हसून हसून बेजार झाल्या. मग तुम्ही अंगणात विटा मांडून काड्या पेटवल्यात, धुरानं डोळे लाल करून घेतलेत, आणि मला तुमचं भरीत खाऊ घातलंत. ते चांगलं होतं, आबा. फार चांगलं होतं. मी "सारखंच लागतं" म्हणाले, कारण एकदा कबूल केलं असतं तर भांडणच संपलं असतं.

दुसरं भांडण मात्र तसं नव्हतं.

त्या वर्षी आश्विनातल्या पहिल्याच बाजाराला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात. मला आश्चर्य वाटलं, पण मी काही विचारलं नाही. आपण पेरूच्या टोपल्यांपाशी आलो तर तिथं एक गृहस्थ उभे होते, त्यांच्याबरोबर त्यांची बहीण. तुम्ही म्हणालात, "अरे वा, तुम्ही इकडं कसे? बाई, हे जळगावचे. कचेरीत असतात. सहज भेटले बघा."

जळगावहून वरणगावला पेरू घ्यायला कुणी सहज येत नाही. तरीही माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांच्या बहिणीनं मला नखशिखान्त बघितलं आणि विचारलं, शाळेची वेळ काय, सुट्टी किती मिळते, बदली होते का. मग कळलं. मी तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही पेरू निवडत होतात, एक एक पेरू उचलून नाकाशी नेत होतात. ते गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्हाला सांगितलेलं नव्हतं, हो ना? मला वाटलं होतं, सांगितलं असेल. माफ करा." मी मान हलवली आणि सरळ घराकडं निघाले. मागं वळून बघितलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी अंगणात उभी होते. आई कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बाई, माझं ऐकून तरी घ्या," तुम्ही म्हणालात.

"मला विचारायचं नव्हतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही आला नसतात."

"मग उत्तर माहीतच होतं ना तुम्हाला?"

तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत. "पोरी, आम्ही दोघं किती दिवस पुरणार? नंतर तू या घरात एकटी काय करशील? माझा पोरगा गेला, त्यात तुझा काय गुन्हा? माणूस चांगला आहे, मी चार ठिकाणी चौकशी केली."

"मी जड झाले का तुम्हाला?"

हे बोलले आणि तुमचा चेहरा बघून माझंच मला कसंतरी झालं. तुम्ही आत गेलात. इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावलात.

पुढच्या बाजाराला तुम्ही एकटे गेलात. मी वह्या तपासायचं निमित्त केलं. तुम्ही लवकरच परत आलात, इतके लवकर की आई म्हणाल्या, "बाजार भरला नव्हता का?" आणि पिशवी रिकामी केली तर वांगी निबर, मेथीला फुलं आलेली, लिंबं टणक. आई एक एक वस्तू उचलून बघत होत्या. "हे तुम्ही आनलं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हो. जे पहिलं दिसलं ते घेतलं." मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू आलं. तुम्ही न बघता बाजार केला होता.

त्याच्या पुढच्या बाजारवारी शाळेतून आल्यावर मी तुमच्या ओट्यापाशी गेले आणि म्हणाले, "चला."

तुम्ही उठलात. सायकलचा स्टँड काढलात, कोपऱ्यापर्यंत आलात. मग म्हणालात, "मी परत विचारणार आहे."

"विचारा."

"दर वर्षी विचारणार."

"बरं."

आणि खरंच विचारलंत, दर वर्षी. आश्विन लागला, पहिला बाजार झाला, पिशव्या सायकलला लागल्या, की परतीच्या वाटेवर तुम्ही खाकरायचात आणि म्हणायचात, "बाई, मग काय ठरवलं?" मी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू." पुन्हा वर्षभर तो विषय नाही. दुसऱ्या कुणा सासऱ्यानं ही गोष्ट मनात आणली नसती. तुम्ही आणलीत, आणि माझ्या रागालाही न घाबरता परत परत विचारलंत, याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

खोटं कशाला बोलू? ते पेरूपाशी उभे असलेले गृहस्थ मला पुढं कित्येकदा आठवले. माफी मागताना त्यांनी खाली बघितलं होतं. चांगलेच असावेत. पुढं त्यांचं लग्न झाल्याचं तुम्हीच मला सांगितलंत, आणि सांगताना माझ्या तोंडाकडं बघत होतात. मला थोडं काहीतरी वाटलंही. पण ते गाडी चुकल्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातला दिवा रस्त्यावरून जाताना दिसतो, तसं होतं. बघितलं, बरं वाटलं, आणि मी आपल्या घरी आले.

गेल्या वर्षी तुमच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. सायकल सुटली. तरी बाजार सुटला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही आलात. एकच फेरी झाली. तुम्ही शेंगांच्या ढिगापाशी दगडावर बसलात आणि मला म्हणालात, जा, तुम्ही बघून या आणि मला सांगा. मी गेले, सगळं बघितलं, आणि येऊन तुम्हाला सांगितलं. सीताफळं यंदा बारीक आहेत. सिंधूबाईची वांगी दृष्ट लागण्यासारखी आहेत. लिंबाच्या ढिगापाशी दोन बायांचं कडाक्याचं भांडण चाललंय. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, मधे मधे विचारत होतात. मिरची? मुगाला कीड? झेंडू आला का? मला वाटलं, तुम्हाला सगळं दिसतंय.

मग डोळे उघडून तुम्ही म्हणालात, "बाई, यंदा मी विचारत नाही."

"का?"

"विचारायला उशीर केला मी. आधीच जोर धरायला पाहिजे होता. तू आमच्यासाठी थांबलीस. आमची म्हातारपणं ओढायला थांबलीस. हे मला कळतं, पोरी. हे कळून मी रोज तुझ्या हातचं जेवतो."

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, आबा. तेवढ्यात शेंगावाला तराजू घेऊन आला, त्याच्या मागून तुमचे फॅक्टरीतले जुने सोबती आले, पायाची चौकशी सुरू झाली. मी म्हटलं, घरी बोलू. घरी आई होत्या. मग म्हटलं, उद्या बोलू. मग पाय, पट्ट्या, भुसावळच्या दवाखान्याच्या खेपा. श्रावणात तुम्हाला शेवटचं नेलं, तेव्हा दोन दिवस मी खाटेशी बसून तुम्हाला हेच सांगत होते. तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्ही ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता कळत नाही.

म्हणून पुन्हा सांगते.

मी तुमच्यासाठी थांबले नाही, आबा. दादा न्यायला आला होता तेव्हा मला काही कळत नव्हतं, तेव्हाचं सोडा. पण त्या पहिल्या बाजारानंतर मी थांबले ती माझ्यासाठी. मला इथं आवडायला लागलं होतं. नवरा गेलेल्या बाईनं "मला आवडतं" असं म्हणायची आपल्याकडं रीत नाही, म्हणून मी कर्तव्य म्हटलं, शाळा म्हटलं, पुढच्या वर्षी बघू म्हटलं. खरं एवढंच होतं, की आठवड्यातून एकदा मी एका माणसाबरोबर बरोबरीनं चालत जायची, आणि तो माणूस मला म्हणायचा, हे बघा, ते बघा, हात घालून बघा. असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. देवपूरला नाही आणि, राग मानू नका, तुमच्या विजयनंही नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या एका दिवसावर काढायची. तुम्ही समजत होतात की मी तुमचं म्हातारपण ओढते आहे. मी कसलं ओढत होते! मी मजेत होते.

हे तुम्हाला ठाऊक नसताना तुम्ही गेलात, ते मला सोसत नाही. बाकी सगळं सोसेल.

आज आईच म्हणाल्या, "जाय. घरात काही नाही." तुम्ही गेल्यापासून आम्ही दुकानातलीच डाळ शिजवत होतो. मी निघाले. रस्त्यात कुठं चालायचं तेच समजेना, कडेनं की मधून. बाजार तसाच होता. धूळ उडत होती. पहिली फेरी मी केली, पण मला काही दिसलं नाही. लोकांच्या पाठी दिसल्या. प्रत्येक पांढऱ्या शर्टाशी पाय अडखळत होता.

सिंधूबाईची आजची पहिलीच खेप. पावसाळाभर ती येत नाही, वांगं निघालं की येते. तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला एकटीला बघून ती लांबूनच ओरडली, "शे बाई, म्हातारबा कुठी? काबरं नाही आले? पाय बरा नाही का अजून?"

आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. मी जवळ गेले. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि तिचा हात तराजूवरच थांबला.

"कधी?"

"श्रावणात."

तिनं तराजू खाली ठेवला. समोरच्या बाईला म्हणाली, "माय, जरा थांब. नाहीतर दुसरीकडून घे." पदर डोक्यावर ओढला आणि तोंडाला लावला. मग तिनं तिच्या बाजूचं पोतं हातानं झटकलं. "अथी बस," म्हणाली.

मी तिच्या शेजारी, वांग्यांच्या पलीकडं जाऊन बसले. इतकी वर्षं बाजार केला, पण त्या बाजूनं कधी बसले नव्हते. ती हुंदके देत नव्हती, नुसतं पाणी वाहत होतं. मधेच म्हणाली, "मागच्या साली मले म्हने, सिंधूबाई, माझी सून आता तुझ्यापेक्षा वांगं जास्त ओळखते. मी म्हनलं, जा हो." आणि तिनं पुन्हा पदर तोंडाला लावला.

मला तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात.

एक बाई खाली वाकून विचारायला लागली, वांगी कशी दिली. सिंधूबाई पदरानं डोळे पुसत होती, म्हणून मीच भाव सांगितला. बाईनं कमी करायला सांगितलं, मी नाही म्हणाले. आजची तोडणी आहे, म्हणाले. तिनं घेतली. मग दुसरी आली. मी तराजू धरला.

तिथं खाली बसलं, आबा, की माणसं दिसत नाहीत. माल बघायला वाकतात, तेव्हा फक्त हात पुढं येतात. बांगड्या भरलेले, मातीचे, शाईचे डाग पडलेले. ऊन उतरत आलं होतं आणि मी येणारेजाणारे हात बघत होते. मग एक म्हातारा हात आला. शर्टाची बाही मनगटापर्यंत बटण लावलेली. त्यानं कसली घाई न करता एक वांगं उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं, दुसरं उचललं.

मी मान वर केली नाही. जितका वेळ तो निवडत होता, तितका वेळ मी केली नाही.

तुमची,
सुनंदा